विहिरीकडची माती

अठ्ठ्याण्णव सालची उन्हाळ्याची सुट्टी संपवून फियोना दुबईला परत आली, तेव्हा तिच्या पर्समध्ये चॉकलेटच्या डब्यामागे एक लहानसं पुडकं होतं. पांढऱ्या सुती कापडाचं, दोऱ्यानं बांधलेलं. शुक्रवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची मुलं पांगली, तसं तिनं दार लोटून घेतलं आणि ते पुडकं इनेजच्या हातावर ठेवलं.

"आधी सगळं ऐक, मग हस," ती म्हणाली.

हसण्यासारखं इनेजच्या घरात त्या दिवसांत काही उरलं नव्हतं. तिच्या नवऱ्याचं, सेबॅस्टियनचं, पोट डॉक्टरांनी उघडून पाहिलं होतं आणि आतली गाठ काढता येण्यासारखी नाही म्हणून तसंच पुन्हा शिवून टाकलं होतं. एका हॉटेलच्या लाँड्रीचा तो सुपरवायझर. धिप्पाड माणूस, चादरींचा गठ्ठा एका हातानं उचलणारा. उन्हाळ्याअखेर तो स्वतःच्या शर्टात मावेनासा नव्हे, सापडेनासा झाला होता.

फियोना आयर्लंडच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातली, दुबईत बरीच वर्षं नर्स. चर्चमध्ये तिचा वर्ग इनेजच्या वर्गाला लागून. दोघींचं बोलणं इंग्रजीत चाले, पण त्या दिवशी फियोना इतकी अडखळत होती की ती तिची मातृभाषा आहे असं वाटेना.

"आमच्या गावच्या चर्चच्या आवारात एका जुन्या पाद्र्याची कबर आहे. तो आजारी माणसांवर हात ठेवायचा आणि ती बरी व्हायची, असं सांगतात. मरताना म्हणाला, मी गेल्यावर माझं काम माझ्यावरची माती करील. तेव्हापासून लोक ती नेतात. कबरीवर एक चमचाच ठेवलेला असतो. चमचाभर घ्यायची, कापडात बांधायची, उशीखाली ठेवायची, प्रार्थना करायची."

"आणि?"

"आणि परत नेऊन ठेवायची. जिथून घेतली तिथेच. हे सगळ्यांत महत्त्वाचं. गावातले लोक चौथ्या दिवशी परत करतात. मावशी म्हणते, परदेशातल्याला सवलत आहे, पुढच्या फेरीला आणली तरी चालतं. पण परत गेलीच नाही, तर दुखणं दुपटीनं उलटतं." फियोना खिडकीबाहेर बघत राहिली. "मी नर्स आहे, इनेज. मी हे बोलले असं वॉर्डात कळलं तर माझी धडगत नाही. पण माझ्या आईचा हात कापायला निघाले होते. तो वाचला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नाताळला मी घरी जाईन, तेव्हा ही बरोबर घेऊन जाईन. तेवढी जपून ठेव."

इनेज हसली नाही. तिनं पुडकं पर्समध्ये ठेवलं आणि बसस्टॉपवर येईपर्यंत तिच्या लक्षात आलं, की आपल्यापुढे एक भलतीच अडचण उभी आहे.

इनेजच्या वसईत कबरीवर माती टाकतात, कबरीवरची माती घरी आणत नाहीत. मूठभर टाकायची, फाटकाशी हात धुवायचे, चपलेला लागलेली झटकायची आणि मगच घरची वाट धरायची. त्यात सेबॅस्टियनची गत अशी, की ऑपरेशन झाल्यापासून मरणाचा विषय त्याला सोसवत नव्हता. चर्चमधल्या मिस्सामध्ये मृतांसाठी प्रार्थना सुरू झाली की हा पाणी प्यायच्या निमित्तानं उठून बाहेर जाई. अशा माणसाच्या उशीखाली कबरीची माती कोणत्या तोंडानं ठेवायची?

न सांगता ठेवली. अल मनखूलच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुपारी तो बाथरूममध्ये असताना तिनं पुडकं उशीच्या खोळीखाली सरकवलं. तो येऊन आडवा झाला, कूस बदलली आणि त्याचा हात सरळ तिथेच गेला.

"उशीखाली काय ठेवलंस?"

"काही नाही."

"काही नाहीला दोरा कशाला बांधलास?"

शुक्रवारी मुलांना इनेज शिकवायची की खोटं एकटं कधी येत नाही, मागून नातेवाईक घेऊन येतं. ते आठवायला तेव्हा सवड नव्हती.

"माती आहे," ती म्हणाली. "वाडीतली."

वाडी म्हणजे वसईची, सेबॅस्टियनच्या वडिलांची. केळी, पानवेली, कडेला अबोली आणि मध्ये रहाटाची विहीर. सेबॅस्टियन आखातात आला, आधी रुवैसला रिफायनरीच्या कॅम्पात आणि मग दुबईत, तेव्हापासून वाडी धाकटा भाऊ विन्स्टन बघत होता. या अठ्ठ्याण्णव सालीच त्यानं ती बिल्डरला दिली. भावाला विचारलं होतं, पण सगळं ठरून गेल्यावर विचारलं होतं. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

सेबॅस्टियन उठून बसला. त्यानं दोरा सोडला, कापड मांडीवर पसरलं आणि मातीकडे बघत राहिला. काळीभोर, चिकट, अजून ओल धरून असलेली. चिमूट घेऊन त्यानं नाकाशी नेली.

"विन्स्टननं पाठवली?"

"हो."

त्यानं चिमूट पुन्हा कापडावर सोडली. मग म्हणाला, "विहिरीकडची दिसते. रहाटाचं पाणी सांडायचं ना तिथली. म्हणून काळी."

"असेल."

"असेल काय, तिथलीच." त्यानं पुडकं पुन्हा बांधलं, अगदी पहिल्यासारखं. "फोन लावायला हवा त्याला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून इनेजनं आधी स्वतः वसईला फोन लावला.

"विन्स्टन, तू माती पाठवलीस."

"कसली माती, वहिनी?"

तिनं सगळं सांगितलं.

"विहिरीकडची म्हणाला?" विन्स्टननं विचारलं.

"हो."

"विहीर आहे अजून. जानेवारीत बुजवणार आहेत." मग तो म्हणाला, "मी सांगतो, मीच पाठवली म्हणून. दादा बोलेल तरी माझ्याशी."

संध्याकाळी दादा बोलला. विहिरीतलं कासव जिवंत आहे का, ते विचारलं. रहाटाच्या तुटलेल्या पोहऱ्याचं काय केलंस, ते विचारलं. वाडी विकल्याचा शब्दही काढला नाही. फोन ठेवला आणि म्हणाला, "इनेज, भाताची पेज कर. सुकट आहे का घरात?"

त्या दिवसापासून त्याला अन्न जाऊ लागलं. थोडं, पण राहू लागलं. ऑक्टोबरात तो काठीशिवाय बाल्कनीपर्यंत जाऊ लागला. सुट्टीच्या दिवशी सुदेश यायचा. हॉटेलच्या गाडीवरचा ड्रायव्हर, राजापूरकडचा, तोंडानं फटकळ आणि हातानं मदतीला पुढे.

"यल्ला, भाऊ, उठा आता. तुमच्यामागं लाँड्रीतल्या त्या मिथुननं जनरल मॅनेजरचे शर्ट गुलाबी केले."

"सगळे?"

"सगळे. मॅनेजर म्हणतो, सेबॅस्टियनला आणा नाहीतर मला लुंगी आणा."

सेबॅस्टियन पोट धरून हसला. हसताना दुखलं, तरी हसला. मग त्यानं उशीखालून पुडकं काढून सुदेशच्या हातात दिलं. "गावची आहे. भावानं पाठवली."

सुदेशनं ते कपाळाला लावलं. "नशीबवान आहात. आमच्याकडं नुसता कातळ. पाठवायची म्हटली तर सुरुंग लावावा लागेल."

इनेज स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मातीमुळेच हे झालं, असं तिनं स्वतःशी कबूल केलं ते त्या दिवशी. फियोनालाही सांगितलं. फियोना नर्स होती. तिनं डोळे खाली घालून इतकंच म्हटलं, "जेवतोय ना, जेवू दे."

पुढच्या शुक्रवारी धड्यात आंधळ्याची गोष्ट आली. येशूनं थुंकीनं माती कालवली, त्याच्या डोळ्यांना लावली आणि त्याला दिसू लागलं. इनेजनं गोष्ट रंगवून सांगितली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"मिस, बट व्हाय मड? ही कुड हॅव जस्ट सेड इट."

"माणसाला हाताला काहीतरी लागावं लागतं, बाळ. नुसत्या शब्दावर धीर धरवत नाही."

"अँड देन व्हॉट हॅपन्ड टू द मड?"

"तळ्यावर जाऊन धुवायला सांगितली," इनेज म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. काम झाल्यावर ती माती अंगावर ठेवून घेतली नव्हती, हे तिनं इतकी वर्षं शिकवलं होतं, पण ऐकलं त्या दिवशी.

नोव्हेंबर संपत आला तसा सेबॅस्टियन पुन्हा खचू लागला. आधी सुकट सुटली, मग पेज. डोळ्यांत पिवळेपणा उतरला. डॉक्टरांनी मान हलवली आणि इंजेक्शनं वाढवली. पण इनेजचा हिशोब डॉक्टरांच्या हिशोबाहून वेगळा होता. माती आली तेव्हा उतार पडला. आता मातीला परत जायचं आहे, ती फार दिवस राहिली, म्हणून दुखणं उलटतंय. फियोना ती घेऊन गेली, तिनं ती जागच्या जागी ठेवली, की पुन्हा उतार पडेल. या एका गोष्टीला तिनं असं धरलं होतं, की दुसरं काही धरायला हात मोकळाच नव्हता.

"अहो, ते पुडकं द्या ना," ती एके दिवशी म्हणाली. "परत पाठवायचंय."

"परत? कुठं?"

"वसईला. कोणीतरी जातंय."

"वसईला मातीचा काय तोटा पडलाय?" तो म्हणाला. बोलायलाही आता त्याला दम लागत होता. "माझ्याकडे एवढीच आहे."

फियोनाचं विमान आठवड्यावर आलं होतं. भरदुपारी इनेज खाली उतरली. चौकातल्या वाटोळ्या बागेत पालिकेनं फुलझाडांसाठी बाहेरून आणलेली काळी माती होती. पाणी घालणाऱ्या पठाणाची पाठ वळताच तिनं मूठभर उचलली. एक जुना रुमाल फाडून तसंच पुडकं केलं, तसाच दोरा, तशीच गाठ. इंजेक्शनच्या गुंगीत तो झोपला होता, तेव्हा बदलून टाकलं.

तो जागा झाला. हात उशीखाली गेला. पुडकं त्यानं बोटांनी चाचपलं, सोडलं, नाकाशी नेलं.

"ही ती नाही."

"तीच आहे."

"इनेज, ही ती नाही." त्यानं उशी ओढून काढली, चादर उपसली, पाय खाली टाकले आणि उभं राहता राहता पलंगाच्या कडेशी कोसळला. तिनं धावत जाऊन धरलं, तेव्हा त्या एवढ्याशा देहाचं तिला वजनच लागलं नाही. तो रडत होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण त्याला रडताना तिनं पाहिलं नव्हतं. "माझी माती कोणी घेतली? विचार ना. कोणी घेतली?"

तिनं कपाटातून काढून ती त्याच्या मुठीत दिली.

बराच वेळ दोघंही जमिनीवरच बसून होती, पलंगाला पाठ टेकून. एसीचा घरघराट तेवढा चालू होता. मग तो म्हणाला, "मला पेटीत घालून विमानाच्या सामानात पाठवू नकोस. तिकडं आता कोणाच्या दारात उतरवणार? इथंच ठेव. फक्त माझ्यावर पहिली ही घाल, मग बाकीच्यांना काय घालायचं ते घालू दे."

ज्या शब्दाच्या भीतीनं इनेजनं खोटं रचलं, तो शब्द त्यानं स्वतःच ओलांडला होता. आता लपवण्यासारखं काय राहिलं? सांगावं, की ही वाडीची नाही, एका परक्या देशातल्या कबरीवरची आहे, परत गेली तर तुम्ही वाचाल. एवढंच तर सांगायचं होतं.

"अहो, ही माती..."

"बोल."

तो बघत होता. पिवळे डोळे, ओली दाढी आणि छातीशी धरलेली ती मूठ. त्या मुठीत विहीर होती, रहाट होता, भाऊ होता. ते सगळं त्याच्याकडून एका वाक्यात काढून घ्यायचं होतं.

"काही नाही," ती म्हणाली.

"काही नाहीला दोरा बांध," तो म्हणाला आणि किंचित हसला.

फियोना जायच्या दिवशी सकाळी आली. तिला विमानतळावर सोडायला सुदेश गाडी घेऊन खाली थांबला होता. सेबॅस्टियनला झोप लागली होती. मूठ उशीवर होती, मिटलेली.

फियोनानं दारातूनच पाहिलं. "तू त्याला सांगितलंच नाहीस."

"नाही."

"मी सांगू? वाईट बातम्या सांगायची मला सवय आहे."

इनेजनं तिचा दंड धरला. आत जाऊन ती मूठ उलगडायला फार तर मिनिट लागलं असतं, गुंगीत त्याला कळलंही नसतं. पण जागा झाल्यावर तो पुन्हा उशी उपसणार होता, पुन्हा पलंगाखाली शोधणार होता. ते तिला पुन्हा पाहवणार नव्हतं. आणि त्याचं बरं होणं याच एका मिनिटावर आहे, असंही तिला मनापासून वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

"राहू दे," ती म्हणाली. "खलास."

"मावशीला काय सांगू?"

"सांग, एक चमचा कमी झाली."

फियोनानं तिला जवळ घेतलं. लिफ्टचं दार मिटलं, गाडी सुरू झाल्याचा आवाज वर आला, तोही विरला. इनेज दार उघडं टाकून तशीच उभी राहिली.

नाताळ झाला आणि त्याच आठवड्यात सेबॅस्टियन गेला. रमझान चालू होता. शहराबाहेरच्या ख्रिस्ती कबरस्तानात खड्डा खणणाऱ्या माणसांचे ओठ उपासानं सुकले होते. पेटी खाली गेली. इनेजनं दोरा सोडला आणि कापड उलटं केलं. पिवळ्या रेतीच्या त्या खड्ड्यात, पेटीच्या झाकणावर, काळा डाग पडला तेवढाच. मग लोकांच्या मुठी सुरू झाल्या. रेती ती, मुठीत राहतच नव्हती, सुळकन घसरत होती. बघता बघता डाग दिसेनासा झाला.

"वाडीतली ना, वहिनी?" सुदेशनं हळूच विचारलं.

"हो."

फाटकाशी नळ होता. सगळ्यांनी हात धुतले. इनेजनं धुतले नाहीत.

फेब्रुवारीत सुदेश गावाहून सुट्टी संपवून आला, तो आधी तिच्याकडे. पिशवीत आंबापोळी होती, कुळीथपीठ होतं आणि प्लास्टिकची एक बरणी होती, तोंडाला चिकटपट्टी लावलेली.

"विन्स्टनभाऊ मुंबईला विमानतळावर येऊन देऊन गेले. म्हणाले, तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी विहिरीवर जाऊन काढली होती. दादाशी खोटं बोललो असं राहू नये म्हणून. पण आणायला कोणी भेटेना." त्यानं बरणी तिच्या हातात दिली. "बुजवली हो विहीर. गेल्या महिन्यात."

तो गेल्यावर इनेजनं चिकटपट्टी सोलली. आतली माती तिनं ताटलीत ओतली.

लाल होती. लाल, भुसभुशीत, रेताड, आणि तिच्यात नखाएवढे पांढरे शिंपले. तिनं चमच्यानं तळापर्यंत उकरून पाहिली. काळं काही सापडलं नाही.

तिनं वसईला फोन लावला.

"विन्स्टन, ही विहिरीकडचीच ना?"

"अगदी रहाटाखालची, वहिनी. का?"

"तिथं काळी नव्हती कुठं? पाणी सांडायचं तिथं?"

"काळी कुठून येणार? आपली सगळी वाडी अशीच, समुद्राकाठची. दादाला विचारलं असतंस तर..."

फोन ठेवून इनेज ताटलीपुढे बसली. वयाच्या पंचविशीपर्यंत ज्यानं त्या विहिरीवर रहाट चालवला, केळीची आळी हातानं केली, तो माणूस ती काळी, चिकट माती नाकाशी धरून म्हणाला होता, विहिरीकडची दिसते. पहिल्याच दिवशी. तिचा चेहरा बघून म्हणाला असेल. तिला आपल्यासाठी काहीतरी धरून ठेवायचं आहे, तर धरू दे, असं मनात आलं असेल. की खरोखरच दुखण्यात सगळं विसरला होता, आणि त्या काळ्या मातीतच त्याला वाडी दिसत होती? मग 'काही नाहीला दोरा बांध' म्हणून तो हसला, ते कशाला?

त्याला जर ठाऊक होतं, तर तिनं सांगण्याचाच काय तो अवकाश होता. अमक्या गावची आहे, परत द्यायची आहे, इतकं. त्यानं दोन चेष्टेचे शब्द बोलून पुडकं स्वतःच्या हातानं फियोनाला दिलं असतं. त्याच्या मुठीतलं जे जपायचं म्हणून ती गप्प बसली, ते तिथं नव्हतंच कदाचित. आणि ज्यानं तो वाचला असता, असं तिला अजूनही वाटत होतं, ते त्या रेतीखाली होतं.

हे विचारायला आता कोणी नव्हतं.

बाहेर संध्याकाळची, मगरीबची बांग झाली. तिनं ताटलीतली माती चमच्यानं पुन्हा बरणीत भरली. ताटलीला चिकटलेले कण बोटानं गोळा करून तेही आत टाकले. विहीर बुजली होती. कबरीवर सिमेंट ओतून झालं होतं. झाकण लावून तिनं बरणी उचलली आणि ती कुठं ठेवायची ते न सुचून तशीच हातात धरून राहिली.